वापरलेला पॉवर मीटर घेताना झालेली फसवणूक

सायकलच्या सरावासाठी वापरलेला पॉवर मीटर (पायांनी लावलेली ताकद वॅटमध्ये मोजणारे उपकरण) विकत घेण्याच्या विचारात असलेल्यांनी पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, अशी कळकळीची विनंती आहे. सायकलचे सुटे भाग आणून विकण्याचा आपला व्यवसाय आहे असे सांगणाऱ्या पुण्यातील एका विक्रेत्याकडून मी डाव्या बाजूचा पॉवर मीटर क्रँक, म्हणजे पेडल ज्याला जोडतात तो मीटर बसवलेला दांडा, १८ हजार रुपयांना घेतला. बंद पडलेली वस्तू गळ्यात मारणे हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार असतो. येथे तसे नव्हते. क्रँक हेड युनिटला (हँडलवरच्या आकडे दाखवणाऱ्या छोट्या संगणकाला) लगेच जोडला जात होता, पेडलवर जोर दिला की वॅट वाढत होते आणि पाय थांबले की आकडा शून्यावर येत होता. फक्त त्या आकड्यांचा माझ्या पायांतल्या ताकदीशी असायला हवा तो संबंध नव्हता, आणि ही गोष्ट वरवर पाहून कोणाच्याही लक्षात येण्यासारखी नसते, म्हणूनच ती सविस्तर सांगत आहे.

या प्रकारच्या मीटरमध्ये क्रँकच्या आतल्या बाजूला स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या) चिकटवलेले असतात. पेडल दाबले की ॲल्युमिनियमचा तो दांडा डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, त्या वाकण्याने गेजचा विद्युत रोध बदलतो, आणि त्या बदलावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, काढला जातो. टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणले की वॅट मिळतात. मीटर फक्त डाव्या बाजूला असेल तर आलेला आकडा दुप्पट करून दाखवला जातो. पण किती वाकले म्हणजे किती टॉर्क, हे प्रमाण प्रत्येक क्रँकचे वेगळे असते. त्यामुळे कारखान्यात ठरावीक वजने लावून ते एकेका दांड्यासाठी मोजतात आणि त्याच दांड्यावरच्या पॉडमध्ये (चिकटवलेल्या इलेक्ट्रॉनिक डबीत) नोंदवून ठेवतात. कंपन्या एक ते दोन टक्क्यांच्या अचूकतेचा जो दावा करतात, त्याचा आधार ही नोंद असते. एका क्रँकवरचा पॉड उपटून दुसऱ्यावर चिकटवला तर आकडे येत राहतात, पण त्यांना आधार उरत नाही. मला विकलेल्या वस्तूचे नेमके हेच केलेले होते.

विक्रेत्याने प्रात्यक्षिक स्वतःहून दाखवले. सायकल स्टँडवर चढवून त्याने क्रँक बसवला, माझ्याच हेड युनिटशी जोडला, झीरो ऑफसेट (भार नसताना मीटर शून्यावर आणणे) करून दाखवला आणि हाताने मागच्या चाकाचा ब्रेक आवळून मला पेडल मारायला सांगितले. स्टँडवर, ब्रेकच्या विरुद्ध, आपण नक्की किती ताकद लावत आहोत हे कोणत्याही सायकलपटूला सांगता येणार नाही, आणि ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. सोबत मूळ कंपनीचे खोके होते. जुन्या बिलाचा फोटो होता, मात्र त्यातला अनुक्रमांकाचा भाग कापलेला होता. पहिल्या मालकाची खासगी माहिती दिसू नये म्हणून तसे केल्याचे त्याने सांगितले. वॉरंटी माझ्या नावावर करून देतो, असेही आश्वासन दिले. यूपीआयने पैसे भरताना खात्यावर वेगळेच नाव आले, तेव्हा ते भावाचे खाते असल्याचे उत्तर मिळाले. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर पटण्यासारखी होती, आणि अशी फसवणूक नेहमी त्याच रीतीने रचलेली असते.

पहिली शंका आली ती सिंहगडाच्या घाटात. डोणजे फाट्यापासून वरच्या वाहनतळापर्यंतची चढाई माझ्या हेड युनिटवर सुमारे ६०० मीटर भरते. मी आणि सायकल मिळून वजन ८२ किलो, आणि त्या दिवशी वर पोहोचायला लागलेला वेळ ५० मिनिटे. ८२ किलो वजन ६०० मीटर उचलायला साधारण ४ लाख ८० हजार ज्यूल लागतात. त्याला ३००० सेकंदांनी भागले तर १६० वॅट येतात. टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि साखळीत जाणारी थोडी ताकद उदारपणे धरली तरी हिशोब १९० वॅटच्या आसपास थांबतो. मीटरवर सरासरी होती २४५. सपाट रस्त्यावर वारा, पुढच्या सायकलस्वाराचा आडोसा आणि बसण्याची पद्धत यांमुळे असा हिशोब भरवशाचा ठरत नाही, पण लांब आणि खड्या चढावर बहुतेक सगळी ताकद गुरुत्वाकर्षणाविरुद्धच खर्च होते. तिथे ५५ वॅटची तफावत वाऱ्यावर ढकलता येत नाही.

त्यानंतर वजन लावून तपासणी केली. मागचे चाक घट्ट धरून क्रँक जमिनीला समांतर ठेवायचा, पेडलच्या आसाला अचूक तोललेले वजन टांगायचे आणि मीटरच्या ॲपमध्ये टॉर्क वाचायचा. तशी सोय काही मीटरांच्या ॲपमध्ये असते. १७२.५ मिलिमीटरच्या क्रँकला २० किलो टांगले तर टॉर्क ३३.८ न्यूटन-मीटर यायला हवा. माझ्या मीटरवर तो ४४ च्या जवळ आला, म्हणजे तीस टक्क्यांनी जास्त, आणि सिंहगडावरची तफावतही जवळपास तेवढीच होती. ॲपमध्ये क्रँकची लांबी चुकीची भरलेली असेल तरीही आकडा बदलतो. पण १६५ च्या जागी १७५ भरले तरी फरक सहा टक्क्यांचा पडतो, तिसांचा नाही.

क्रँक काढून ओळखीच्या मेकॅनिककडे नेला, तेव्हा त्याने पॉडच्या कडेने आलेला गोंदाचा असमान थर आणि त्याखाली घासलेल्या पृष्ठभागाच्या रेघा दाखवल्या. हेड युनिटच्या सेन्सर माहितीत दिसणारा अनुक्रमांक मी उत्पादक कंपनीला कळवला. हा पॉड वेगळ्या मॉडेलच्या आणि वेगळ्या लांबीच्या क्रँकवर विकला गेला होता, सदोष ठरल्याने पहिल्या मालकाला वॉरंटीत तो बदलूनही दिला होता, असे उत्तर आले. म्हणजे कंपनीच्या दप्तरी रद्द झालेली वस्तू दुसऱ्या दांड्यावर चिकटवून मला विकली गेली होती. खोके आणखी तिसऱ्याच मीटरचे होते.

आकडा चुकीचा असला तरी रोज सारखाच चुकत असेल तर सरावाला काय बिघडते, असा प्रश्न काही मित्रांनी विचारला, आणि तो रास्त आहे. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद) त्याच मीटरवर काढली आणि तिच्यावरून ठरणारे जोराचे टप्पे, म्हणजे झोन, त्याच मीटरवर पाळले, तर कायमची तीस टक्क्यांची वाढ आपोआप निघून जाते. पण हाताने चिकटवलेला पॉड स्थिर राहत नाही. पहाटेच्या गारव्यात आणि दहाच्या उन्हात तोच जोर वेगवेगळे आकडे देत होता, त्यामुळे झोन दोनची, म्हणजे हलक्या जोराची, लांब फेरी कधी खरोखर हलकी होई, तर कधी नकळत थ्रेशोल्डच्या (एफटीपीच्या पातळीच्या) जवळ जाई, आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा कशामुळे आला हे प्रशिक्षकांनाही उमगत नसे. शिवाय घरातल्या स्मार्ट ट्रेनरवरचे (सायकल जागेवर चालवण्याच्या, ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडे रस्त्यावरच्या आकड्यांशी जुळेनात. पैशांपेक्षा मला या वाया गेलेल्या महिन्यांचे वाईट वाटते, कारण ज्या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवून माणूस शरीराला कष्ट देतो, तीच खोटी होती.

अशा प्रसंगी काय करता येते, तेही सांगतो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वीच ती अडवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत लबाडी उघडी पडेपर्यंत ती वेळ निघून गेली होती. विक्रेता व्यापार म्हणून विकत असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर त्याची माहिती मिळते. एखाद्या सायकलपटूने स्वतःची वस्तू एकदाच विकली असेल, तर हा मार्ग अवघड होतो. म्हणून विक्रेता व्यापारी आहे हे दाखवणारे संदेश आणि त्याच्या इतर जाहिरातींची छायाचित्रे जपून ठेवावीत. माझी तक्रार याच छायाचित्रांच्या आधारे दाखल झाली आहे.

खरेदीपूर्वी माझ्या मते एक अट पुरेशी आहे, आणि ती सोडू नये: हेड युनिटमध्ये दिसणारा अनुक्रमांक आधी मागून घ्यावा, तो उत्पादकाला ईमेलने कळवून क्रँकचे मॉडेल व लांबी जुळते का हे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कमही देऊ नये. खऱ्या मालकाला याची अडचण वाटण्याचे कारण नाही. शक्य असेल तर वजनाची तपासणी विक्रेत्यासमोरच करावी. त्यासाठी एक दोरी, तोललेले वजन आणि पंधरा मिनिटे लागतात. माझ्याकडचा क्रँक आयोगासमोर पुरावा म्हणून ठेवलेला आहे, आणि निकाल काहीही लागला तरी तो पुन्हा कोणाच्या हाती विक्रीला जाणार नाही.