‘छापलेल्या’ टायटॅनियमपायी गेलेले 1,80,000

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. लेथवर 22 वर्षं गेली. बार हातात घेतला की वजनावरून, ठिणगीवरून माल कुठला ते सांगतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून "हा असा कसा फसला?" असं तुम्हाला वाटणारच. मलाही रोज वाटतं.

धाकट्या भावाला शिरोलीजवळ मोटरसायकलवर अपघात झाला. नडगी फुटून हाड बाहेर आलं. दोन ऑपरेशनं झाली, आत पू धरला, मेलेला तुकडा काढावा लागला आणि हाडात 5 सेंटीमीटरची फट पडली. डॉक्टरांनी इलिझारोव्ह रिंग सुचवली. पायाभोवती कडी, हाडातून आरपार तारा आणि कित्येक महिने ते ओझं घेऊन हिंडायचं. आईनं वॉर्डात एका पेशंटच्या पायात ती रिंग बघितली आणि तिथंच मटकन खाली बसली.

त्याच संध्याकाळी समोरच्या चहाच्या गाड्यावर तो भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड. आमचं बोलणं त्यानं ऐकलं असणार. "भावा, रिंग कशाला घालून घेताय? आता हाड छापून मिळतंय." बॅगेतून एक तुकडा काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. हलका, अंगभर स्पंजासारखी बारीक जाळी. तो तुकडा अस्सल टायटॅनियमचाच होता, हे मी आजही छातीठोक सांगतो. आणि तिथंच माझी विकेट पडली.

हाड ‘छापायचं’, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगचं, तंत्र खोटं नाही, म्हणून तर फसायला होतं. आधी बारीक कापांचा सीटी स्कॅन काढतात, साधारण 1 मिलिमीटरचा किंवा त्याहून पातळ. त्यावरून हाडाचं संगणकावर त्रिमिती मॉडेल होतं. इंजिनिअर त्या फटीत बसेल असा तुकडा आखतो, सर्जन तो तपासून होकार देतो. मग मशिनमध्ये टायटॅनियमच्या पावडरीचा थर पसरतात, लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो, वर पुढचा थर. एकेक थर 30 ते 60 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक. जाळी ठेवतात ती अशासाठी की हाड त्या छिद्रांत शिरून वाढावं. शिवाय भरीव टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी ताठ असतं, सगळा भार तेच घेतं आणि शेजारचं हाड झिजतं. जाळीमुळे तो ताठपणा कमी होतो. पुढं उष्णता देणं, अडकलेली पावडर काढणं, निर्जंतुक करणं. आठवडे लागतात.

आमच्या माणसानं काय केलं? एक्स-रे खिडकीला धरला आणि मोबाइलवर फोटो काढला. संपलं. माझ्याकडं कुणी एकाच व्ह्यूचं ड्रॉइंग घेऊन आलं तर मी त्याला दारातूनच परत पाठवतो, जाडी कुठं लिहिलीय म्हणून. इथं मात्र मान डोलावली. "चार दिवसांत पुण्याहून येतंय, दादा." 90,000 रोख, 90,000 यूपीआयनं, तेही कुठल्या तरी बाईच्या नावावर. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल केलं की जीएसटी लागतोय, तुमचंच नुकसान." आणि मी, दर महिन्याला रिटर्न भरणारा माणूस, गप्प बसलो.

डबा कावळा नाक्यावर ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं आला. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला तर त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. "हे कुणी आणायला सांगितलं?" चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्टिकर वाचला. नुसतंच ‘टायटॅनियम’. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे हे सगळं लेबलवर लागतं, आणि शरीरात बसवलेल्या वस्तूचा स्टिकर पेशंटच्या केसपेपरला लावतात, तो मागून बघा म्हणाले. इम्प्लांट नातेवाइकांनी पिशवीतून आणायची वस्तूच नाही. वर म्हणाले, "खरं असतं तरी आत्ता बसवलं नसतं. पू पूर्ण जाईपर्यंत त्या जागी धातू नको."

पाकीट फोडलं ते वर्कशॉपात. आत एक वाकवलेली पट्टी आणि तिला भोकं. जाळी नव्हे, भोकं! ड्रिल पलीकडं निघताना जो बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहतो तो प्रत्येक भोकाच्या काठाला बोटाला लागत होता. चुंबक चिकटला नाही, पण त्यावर जाऊ नका. टायटॅनियमला चिकटत नाही तसा चांगल्या स्टेनलेसलाही चिकटत नाही. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, मित्राच्या काट्यावर वजन 94 ग्रॅम. शेजारच्या फाउंड्रीच्या लॅबमधल्या मापाच्या नळीत बुडवला, पाणी 12 मिलीलीटर चढलं. भागाकार केला तर घनता पावणेआठच्या वर. टायटॅनियमला साडेचारच्या आसपास यायला हवी होती, म्हणजे तेवढ्याच आकाराला साधारण 54 ग्रॅम. सरळ स्टेनलेस स्टील. माझ्या रॅकवर पडलेल्या पट्टीपेक्षा वेगळं काही नाही.

नंबर बंद झाला होता. पोलिसांत तक्रार दिली आहे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तो नवव्या दिवशी, कारण आधी आठ दिवस घरी सांगायचीच लाज वाटत होती. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी तो फोन त्याच तासाला करायचा असतो. रोख दिलेल्याला तर पुरावाच नाही.

भावाला शेवटी रिंगच घातली. यात हाड दुसरीकडं कापून तो तुकडा फटीकडं हळूहळू सरकवतात आणि मागं नवं हाड धरतं: दिवसाला 1 मिलिमीटर, चार वेळा पाव-पाव. रॉडचे आटे 1 मिलिमीटर पिचचे, म्हणजे पूर्ण फेऱ्याला 1 मिलिमीटर, म्हणून दर वेळी नटाचा पाव फेरा. हे गणित ऐकल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं. फेरा चुकू नये म्हणून भावजयीनं प्रत्येक नटावर नेलपेंटचा ठिपका दिलाय. सकाळी 6 चा फेरा माझ्याकडं, बाकीचे तिच्याकडं. फट भरायला 50 दिवस, आणि नवं हाड घट्ट व्हायला त्याहून कितीतरी जास्त. आज फेऱ्यांचा 31 वा दिवस. डाव्या बाजूचा एक नट जरा घट्ट चालतोय, तेवढा उद्या डॉक्टरांना दाखवायचाय.