महालक्ष्म्यांच्या गर्दीत की मागाहून निवांत? इंदूरला आजारी आई-वडिलांच्या भेटीला जाताना

इंदूरच्या मराठी घरांत सगळा गोतावळा एकत्र येण्याचा हमखास प्रसंग म्हणजे भाद्रपदातल्या महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मुळावर विसर्जन अशा या तीन दिवसांसाठी पुण्या-मुंबईकडे किंवा परदेशी गेलेली मुले वर्षभर रजा राखून ठेवतात. ज्या घरात आई किंवा वडील गंभीर आजारी आहेत, त्या घरच्या मुलांपुढे मात्र यंदा दोन वाटा असतात: सगळ्यांबरोबर सणालाच जावे, किंवा सण आटोपल्यावर अथवा त्याच्या आधी एकट्याने जाऊन काही दिवस राहावे. रजा थोडी असते आणि दोन्ही वेळा जाणे बहुतेकांना जमत नाही, म्हणून हा विचार.

सणाला जाण्याची सर्वांत भक्कम बाजू अशी, की सारी भावंडे एका घरात असतात. पुढचे उपचार कुठवर न्यायचे, खर्च कोणी किती उचलायचा, दवाखान्यात रात्री कोणी थांबायचे, हे प्रश्न फोनवर अर्धवट राहतात आणि गैरसमज वाढवतात. समोरासमोर बसले की निदान कोणाच्या मनात काय आहे ते कळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आधी वेळ मागून सगळ्यांनी एकदाच जावे, म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगितले असे होत नाही. कृत्रिम श्वासाचे यंत्र लावायचे की नाही, याबाबत आई-वडिलांची स्वतःची इच्छा शुद्धीत असतानाच विचारून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. हा विषय सणात काढणे अशुभ वाटते हे खरे, तथापि आयसीयूच्या दारात उभे राहून तो काढणे त्याहून कठीण असते.

दुसरी बाजू आजारी माणसाच्या शरीराची आहे, आणि माझ्या मते निर्णयात तिचे वजन अधिक असावे. केमोथेरपी घेतल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. नेमके तेच दिवस सणाशी जुळत असतील, तर सर्दी-खोकल्याचे एखादे नातवंडही धोक्याचे ठरते, कारण फ्लूचा संसर्ग लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच पसरू लागतो. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून रुग्णाला देणारे यंत्र असेल, तर अखंड तेवणारी समई, धूप आणि निरांजने त्या खोलीपासून दूरच हवीत. ऑक्सिजनजवळची ज्योत भडकते, आणि फुप्फुसाच्या रुग्णाला धुराचा त्रास होतो तो वेगळाच. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालते, आणि त्या दिवशी माणूस गळून जातो. त्याच्या पानात नैवेद्य म्हणून सोळा भाज्या आणि आंबील वाढण्यापूर्वी पोटॅशियम आणि पाण्याच्या मर्यादेची आठवण ठेवावी लागते. कानाला यंत्र लावणाऱ्या वृद्धांना तर वीस माणसे एकदम बोलू लागली की शब्द वेगळे काढता येत नाहीत. ते नुसते हसत मान हलवतात, आणि पाहुणे समाधानाने म्हणतात, 'बाबा आज छान आहेत हो!'

जी सून, मुलगी किंवा भाऊ वर्षभर शुश्रूषा करतो, त्याच्याकडे सणात कोणाचेही लक्ष जात नाही. औषधांच्या वेळा, कूस बदलणे, रात्रीचे उठणे हे सारे सांभाळून त्याच हातांनी पुरणाचा घाट घालायचा असतो. बाहेरून आलेली मंडळी तासभर उशाशी बसून, 'अमक्या डॉक्टरांना का नाही दाखवले?' असे विचारून जातात. मागाहून एकट्याने जाण्याचा खरा लाभ इथे आहे. आपण आठवडाभर राहिलो, रात्रीची पाळी घेतली आणि वहिनीला चार दिवस माहेरी जाऊ दिले, तर ती भेट आजाऱ्याइतकीच तिच्याही उपयोगाची होते. निवांतपणी बोलणेही वेगळे होते. दुपारी औषध घेतल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या तासात वडील जे सांगतात, ते भरल्या दिवाणखान्यात कधी सांगत नाहीत.

तरीही सण टाळावा असा सरसकट सल्ला मी देणार नाही. रामबागेतल्या आमच्या नात्यातल्या एका घरी आजारी आजी मागच्या खोलीतून खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. महालक्ष्मीला साडी नेसवणाऱ्या सुनेला त्या एका बोटाने निऱ्या दाखवत राहिल्या, 'ती तिसरी खाली ओघळतेय, पुन्हा घे' म्हणाल्या, आणि मुखवटा बसल्यावरच आत गेल्या. आयुष्यभर ज्यांनी हा कुळाचार केला, त्यांना तो पाहण्याची ओढ असते, आणि ती थकव्याहून मोठी असू शकते. म्हणून विचारावे ते आजी-आजोबांनाच, आणि सगळ्यांसमोर नव्हे, एकट्याने. चारचौघांत कोणतेही आई-वडील 'या सगळे' असेच म्हणतील. त्यांची ताकद टिकत नसेल, तर कुळाचार त्या वर्षी धाकट्या भावाच्या घरी न्यावा, म्हणजे पूजाही चुकत नाही आणि आजाऱ्याची खोलीही शांत राहते.

डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितले असतील, तर सणाची वाट न पाहता आजच निघावे. आजार दीर्घ असेल, प्रकृती स्थिर असेल, तर माझा कौल निवांत भेटीला आहे. आई किंवा वडील रुग्णालयात दाखल असतील तेव्हा तर प्रश्नच उरत नाही. आयसीयूत भेटीची वेळ ठरलेली आणि एका वेळी आत जाणारी माणसे मोजकी, मग गोतावळा बाहेर बाकावर बसून काय करणार? वृद्धांना रुग्णालयात भ्रम होणे नेहमीचे आहे, आणि तेव्हा रोज तेच ओळखीचे माणूस, त्यांचा स्वतःचा चष्मा आणि कानाचे यंत्र यांचा उपयोग रोज बदलणाऱ्या पाहुण्यांपेक्षा जास्त होतो.

दोन्ही साधायचे असेल, तर सणाच्या दोन दिवस आधी पोहोचावे आणि पाहुणे पांगल्यावर मागे राहावे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधीच खुले होते, आणि सणाच्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या अवंतिकेत किंवा पुणे-इंदूर गाडीत जागा मिळणे कठीण. परतीचे तिकीट मात्र विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाचे काढू नये, पुढच्या आठवड्याचे काढावे. त्या मुक्कामात अनंत चतुर्दशी येत असेल, तर त्या रात्री गिरण्यांच्या झांक्यांच्या, म्हणजे सजवलेल्या चलदेखाव्यांच्या मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे जुने रस्ते बंद असतात. रात्री दवाखाना गाठावा लागला तर कोणत्या बाजूने जायचे, हे शेजाऱ्यांना दुपारीच विचारून ठेवावे.