इंग्रजी लिखाणासाठी घेतलेली डिक्शनरी: पावसाळ्यापासूनचा अनुभव

व्याकरण तपासणाऱ्या एका अ‍ॅपनं न विचारता वर्षाचं सबस्क्रिप्शन रिन्यू केलं आणि कार्डावरून पैसे कापले. कस्टमर केअरला मेलवर मेल केले, दर वेळी तेच ठरलेलं उत्तर. पैसे गेले ते गेलेच. त्या संतापातच ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी घेतली, 2020ची दहावी आवृत्ती.

माझं काम भोसरीच्या कारखान्यात, क्वालिटीला. परदेशी कस्टमरला रिपोर्ट आणि मेल रोज इंग्रजीतच जातात. अ‍ॅप चुकीखाली रेघ मारायचं, क्लिक केलं की वाक्य दुरुस्त. पण का चुकलं हे डोक्यात शिरायचं नाही, पुढच्या मेलात पुन्हा तेच.

सुरुवातीला डिक्शनरीबद्दलही मत बरं नव्हतं. अर्थ मोबाईलवर फुकट मिळतो, मग हा ठोकळा कशाला? मत पालटलं ते नामांपुढच्या दोन बारक्या अक्षरांमुळे: सी आणि यू. सी म्हणजे मोजता येणारं नाम, यू म्हणजे न मोजता येणारं. व्याख्या शाळेतच पाठ झालेली असते, पण कुठला शब्द कशात बसतो हे अंदाजानं ठरवता येत नाही. मशीन सी, मशिनरी यू. जॉब सी, वर्क बहुतेकदा यू. इक्विपमेंट, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, फीडबॅक सगळे यू, म्हणजे शेवटी एस नाही आणि आधी 'अ' किंवा 'अ‍ॅन'ही नाही. उलट सी असलेलं नाम एकवचनात सहसा एकटं येत नाही. त्याच्याआधी अ, द, माय, धिस असं काहीतरी लागतं. मराठीत आर्टिकल (अ, अ‍ॅन, द) नाहीतच, म्हणून आपल्या मेलांतून सगळ्यात जास्त गळतात ती तीच. माझी निम्मी आर्टिकलं या दोन अक्षरांनी जागेवर आणली. एक्सपीरियन्सला तर दोन्ही लागू: वर्षानुवर्षांच्या कामाचा अनुभव यू, एखाद्या प्रसंगाचा अनुभव सी. बायोडेटा करणाऱ्यांनी ही नोंद वाचाच.

क्रियापदांचंही असंच. 'वी डिस्कस्ड अबाउट द इश्यू' आपल्याकडे सर्रास लिहितात. इथे डिस्कसच्या नोंदीत अबाउट लावू नका अशी सरळ सूचनाच आहे. 'सजेस्ट मी अ सोल्युशन' चालत नाही. सजेस्ट समथिंग टू समबडी. एक्सप्लेनलाही तेच.

यामागचं कारण कळल्यावर मला हा कोश आणखी आवडला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत हा कोश रचला. तो 1942 मध्ये टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डनं काढला. जपानीतही आर्टिकल नाहीत. आपल्यासारख्यांची दुखणी त्यांना आधीच माहीत होती!

एक कमतरता मात्र मोठी आहे. इंग्रजी शब्दच सुचला नाही तर शोधणार काय? त्यासाठी मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवावा लागतो. मी आधी तिथे शब्द काढतो, मग इथे त्याचं सी-यू आणि उदाहरणाची वाक्यं पाहतो. वेळ जातो, पण पाहिलेलं लक्षात राहतं.

पैसे घालण्याआधी या ऑक्सफर्ड डिक्शनरीची वेबसाइट पाहा, हेच सी-यू तिथे फुकट आहे. मला कागदावर पेन्सिलीनं खुणा करायच्या असतात म्हणून पुस्तक. पुण्यात असाल तर आप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत विचारून बघा. आठवी किंवा नववी आवृत्ती मिळाली तरी घ्या, सी-यू त्यांतही आहेत.