बॅलन्स शाफ्टचा पट्टा: नवा बसवावा की काढूनच टाकावा?

मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनाचे हेड (वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवताना व्हॉल्व्ह क्रँकशी जुळवून चालवणारा टायमिंग बेल्ट सुटतो आणि त्यामागचा, इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा अरुंद पट्टा समोर येतो. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात अशा वेळी ‘काढूनच टाकू’ असा सल्ला मिळाला, तर त्यामागची भीती खरी आहे: हा पट्टा तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

मात्र नुसता पट्टा काढल्याने एकच शाफ्ट थांबतो. दुसरा ऑइल पंपाच्या गिअरवर क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरत राहतो आणि त्याचा तोल सांभाळणारा जोडीदार उरत नाही. दोन्ही शाफ्ट काढायचे, तर पंपात आखूड शाफ्ट बसवून बेअरिंगची तेलाची छिद्रे बंद करावी लागतात, नाहीतर ऑइल प्रेशर घसरते. हे काम हेडपुरत्या उघडझापीत मावत नाही.

म्हणून ठाणे-नाशिक महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीत मी नवा पट्टा, टेन्शनर आणि पुढची ऑइल सीलच बसवेन. त्यानंतर टायमिंग बेल्ट चढवताना पंपाकडचा शाफ्ट योग्य स्थितीत आहे याची खात्री करण्यासाठी इंजिन ब्लॉकवरचा प्लग (बूच) काढून ८ मिमी जाडीचा स्क्रूड्रायव्हर त्या छिद्रातून किमान ६० मिमी आत जातो का, हे आवर्जून पाहावे. तो २०-२५ मिमीवरच अडला, तर पंपाचे स्प्रॉकेट एक फेरा फिरवून त्याची टायमिंगची खूण पुन्हा जुळवावी.