आय५-१२४०० की रायझन ५ ५६००: लग्नाचं एडिटिंग करणाऱ्यानं काय घ्यावं

सीझन तोंडावर आला की शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणी बेळगावच्या सगळ्या भागांतनं एकच प्रश्न येतो, कॉम्प्युटरला प्रोसेसर इंटेलचा आय५-१२४०० घेऊ की एएमडीचा रायझन ५ ५६००. खरं कॅमेरा कुठला आहे ते कुणी सांगतच नाही, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथंच लागतो.

कागदावरचं आधी पटकन. दोन्ही २०२२ चे, दोन्हीत ६ कोअर (काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), दोघांचा वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, रायझनची ३२ एमबी, इंटेलची १८. गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीत, त्यामुळं पोरगा घरात गेम खेळणार एवढंच असेल तर मदरबोर्ड आणि रॅम धरून जो सेट स्वस्त पडतोय तो उचला.

एडिटिंगचं वेगळं आहे. सोनी ए७ फोर, कॅनन आर६ असले कॅमेरे असणारे बरेच जण नंतर रंग नीट सुधारता यावा म्हणून १० बिट ४:२:२ एच.२६५ या जास्त रंग साठवणाऱ्या, घट्ट दाबलेल्या फॉरमॅटमध्ये शूट करतात, आणि ही फाइल म्हणजे प्रोसेसरचा घाम काढणारं काम. १२४०० च्या पोटात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, त्यातलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा खास भाग, ही फाइल थेट हार्डवेअरमधून उघडतं, प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फरक लगेच दिसतो. रायझन ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही. मग लोक म्हणतात माझ्याकडं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे की, खरं असली ४:२:२ फाइल डिकोड करणं, म्हणजे उलगडून दाखवणं, एनव्हिडियाला ५० सिरीजपासून जमलं, ३०६० काय किंवा ४०६० काय, तिथं सगळा भार कोअरवरच येतो. अक्षतांचा सीन तीन कॅमेऱ्यांनी घेतलाय, मल्टिकॅम लावून प्ले दाबलं की मंगलाष्टक पुढं चाललंय आणि चित्र मागं अडकलंय. प्रॉक्सी, म्हणजे फाइलच्या हलक्या कॉपी, करून काम होतं, नाही असं नाही, खरं त्यात रात्र जाते आणि पार्टी चौथ्या दिवशी हायलाइट मागते.

८ बिट ४:२:० या हलक्या फॉरमॅटवर शूट करत असाल तर हे सगळं विसरा, ते कुठलंही बरं कार्ड उघडतं, मग ५६०० पण मस्त चालतो.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. १२४०० एफ घेऊ नका. दुकानदार म्हणेल नुसतं ग्राफिक्स नाही, तुमच्याकडं कार्ड आहेच, आणि थोडे पैसेही वाचतील, खरं ज्याच्यासाठी इंटेल घेताय ते क्विक सिंकच त्याबरोबर जातं. साधा १२४०० घेतला तरी कार्ड लावल्यावर काही बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात, ते बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करायचं, जोडणाऱ्याकडनं समोर करून घ्या.

उद्यमबागेत, आपल्या औद्योगिक वसाहतीत, डिझाइनचं काम करणाऱ्यांनी या दोघांच्या भानगडीत न पडता रायझन ५ ७६०० बघावा. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल रिबिल्ड (बदलानंतर पुन्हा तयार) होताना बहुतेक वेळ एकच कोअर राबत असतो, आणि हा ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. अडचण एवढीच की त्याला नव्या प्रकारची डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, तेव्हा रॅमचा भाव आधी विचारा. उलट १२४०० ला डीडीआर४ वाला बोर्ड मिळतो, जुनी रॅम असेल तर तीच लावता येते, हा मोठा फायदा आहे.

आणि सेकंडहँडमध्ये १३व्या-१४व्या पिढीचा आय७, आय९ स्वस्तात दिसला तर सांभाळून. त्यांच्यातला व्होल्टेजचा घोळ २०२४ मध्ये इंटेलनंच मान्य केला, बायॉस अपडेटनं पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. १२४०० ला तो घोळ नाही.

नवा घेताना सीलबंद बॉक्सच मागा, ट्रेमधला सुटा पीस नको. बॉक्सवर दोन्ही कंपन्या ३ वर्षांची वॉरंटी देतात आणि कूलर पण त्यातच येतो. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, कोल्हापूरहून आणत असाल तर नक्कीच.