मागचं सील बदललं म्हणाले, गिअरबॉक्सला हातही लावला नव्हता

अण्णांची गाडी २००७ ची. छोटी पेट्रोल गाडी, मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. अण्णा गेल्यावर ती विकायची नाही, असं आईनं आणि मी ठरवलं. मी शाळेत शिकवते, रोज साताऱ्यातून गावाकडं जाऊन येते, त्यामुळं गाडी लागतेच. पण खरं कारण ते नव्हतं. स्टिअरिंगच्या कव्हरवर अजून अण्णांच्या हाताची झीज दिसते. हे सगळं मी गॅरेजवाल्याला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि माझी घोडचूक तिथंच झाली. गाडीत जीव अडकलेला माणूस किती पैसे मोजेल, याचा अंदाज त्याला मीच देऊन बसले.

सुरुवात झाली ती पार्किंगच्या फरशीवरच्या डागांनी. आधी रुपयाएवढा एक, मग रोज चार-पाच. सिग्नलला गाडी थांबली की आत जळल्याचा वास यायचा. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं गॅरेज सुचवलं. मोठी शेड, रॅम्प, भिंतीवर टांगलेले पाने, सगळं व्यवस्थित दिसत होतं.

त्यानं गाडी रॅम्पवर घेतली आणि खालून बॅटरीचा झोत मारला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात तो सांधा तेलानं भिजला होता. "मॅडम, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते दिसतसुद्धा नाही." मग इंजिन चालू ठेवून त्यानं वरचं तेलाचं झाकण उघडलं. आतून वाफेसारखा धूर आला. "बघा, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्यात. आत्ता केलं तर इंजिन वाचेल." म्हणजे त्याच्या मते इंजिनाच्या फिरत्या दांड्यामागचं तेल अडवणारं रबर गेलं होतं, आणि पिस्टनभोवतीच्या कड्या झिजून वायू खाली उतरत होता.

मी घाबरले. कुणीही घाबरेल. त्यानं दाखवलेली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना खरीच दिसत होती: तेल होतं, धूरही होता. खोटा होता तो त्यातून काढलेला निष्कर्ष, आणि तो तपासायला लागणारी माहिती तेव्हा माझ्याकडं नव्हती.

२० हजार रुपये मोबाइलवरून आगाऊ दिले. गाडी अकरा दिवस तिथंच होती. मध्ये दोनदा फोन आला, "हेड उघडलंय, हेड पॅकिंगही टाकावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा ठोकळा.) मी बघायला येते म्हटलं तर "आज नको, आज पोरं लेथवर गेलीत." बाराव्या दिवशी गाडी मिळाली. एकूण ३४,५००. उरलेले १४,५०० रोख मागितले, स्पेअरवाल्याला द्यायचेत म्हणून. बिल मागितल्यावर डायरीचं पान फाडून दिलं. त्यावर "रिंग सेट, मागचं सील, हेड पॅकिंग, ऑइल २०डब्ल्यू-५०, मजुरी" आणि एकच एकूण आकडा. जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही, सहीसुद्धा नाही. जुने पार्ट मागितले तेव्हा पिशवीत काळ्या पडलेल्या रिंगा घालून दिल्या. मीटर मात्र ६४ किलोमीटर पुढं गेलं होतं.

नवव्या दिवशी फरशीवर पुन्हा डाग.

परत गेले, तर त्याचा सूरच बदललेला. "जुनी गाडी आहे मॅडम, थोडं गळायचंच. तुम्हाला यातलं कळणार नाही." शेजारी उभा असलेला त्याचा मुलगा हसला. ते हसणं मी विसरणार नाही.

मामेभावानं मग एमआयडीसीजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडं नेलं. एकट्याचं दुकान, रॅम्पही नाही. मी मागच्या सीलचं बोलायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "ताई, थांबा. तेल खाली दिसतं म्हणून ते खालूनच येतं असं नाही. पाणी गच्चीवर गळतं आणि डाग खालच्या खोलीत पडतो, तसंच हे."

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते. इंजिनातलं तेल गळायच्या जागा पुष्कळ असतात. सगळ्यात वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग. त्याखाली कॅमचं सील, तेलाच्या दाबाचा स्विच, ऑइल फिल्टरचं रबर, खाली चेंबरचं, म्हणजे तेल साठतं त्या भांड्याचं, पॅकिंग आणि चेंबर नटाचा वॉशर. वरून सुटलेलं तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळतं, चालत्या गाडीतला वारा त्याला मागं ढकलतो, आणि ते येऊन साठतं नेमकं गिअरबॉक्सच्या सांध्यावर. त्यातले काही थेंब गरम एक्झॉस्टवर पडतात, म्हणून जळका वास. मागचं सील गेलं तरी तेल त्याच सांध्यातून बाहेर येतं. म्हणून ओलं इंजिन खालून पाहून कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, छातीठोकपणे सांगू शकत नाही. आधी इंजिन धुवायचं, मग वरून खाली बघत जायचं.

त्यांनी तेच केलं. रॉकेल आणि ब्रशनं अर्धा तास इंजिन घासलं, पुसून वाळवलं आणि सांध्यासांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. "पाचवडपर्यंत जाऊन या." परत आलो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला पांढऱ्या पावडरीत बोटभर लांबीची काळी रेघ उमटली होती, तिथून खाली ओघळ. चेंबरची पावडर कोरडी. त्या कव्हरच्या सांध्यावर आधीच्या गॅरेजनं बाहेरून राखाडी सिलिकॉन फासलं होतं. आठ दिवस डाग पडला नाही, तो त्या लेपामुळं. शिवाय तेलही जाड भरलेलं. मिस्त्री त्यावर खरंच चिडले. असं सिलिकॉन आत गेलं तर तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला तेलच पोचत नाही. म्हणजे न गेलेलं इंजिन या कामानं गेलं असतं.

धुराचं कारणही वरच सापडलं. इंजिनात थोडा वायू पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतोच, नव्या गाडीतही. तो परत ओढून घ्यायला पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. मिस्त्रींनी तो काढून कानाजवळ हलवला. चांगला असेल तर खुळखुळतो. आमचा मुका होता, काजळीनं घट्ट बसलेला. वाट बंद झाल्यावर आतला दाब वाढतो, झाकण उघडलं की धूर दिसतो, आणि तोच दाब तेलाला जुन्या, कडक झालेल्या रबरातून बाहेर ढकलतो.

तरी रिंगांची शंका मनात होती. त्यांनी चारही प्लग काढले, कॉम्प्रेशन गेज लावलं, मला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला लावला. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आणि चांगले. एखाद्याचा आकडा कमी आला असता तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं असतं. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगकडं बघायचा. जेमतेम अर्ध्या तासाची तपासणी. ३४,५०० घेणाऱ्यानं ती केलीच नाही.

मग मी विचारलं, मागच्या गॅरेजनं नवीन रिंगा टाकल्या म्हणून तर आकडे चांगले आले नसतील?

मिस्त्रींनी पिशवीतली रिंग घेतली आणि फळीवरच्या, आमच्याच प्रकारच्या इंजिनाच्या एका जुन्या पिस्टनवर धरली. ती ढिली, केवढी तरी मोठी. दुसऱ्याच कुठल्या गाडीची. मग हेडचे नट दाखवले: वर्षांची धूळ आणि तेल मिळून झालेला थर तसाच, पान्याचा ओरखडाही नाही. हेड उघडलं तर कूलंट काढावंच लागतं, आमचं तर गढूळ तांबडं होतं. गाडीचा विमा मध्ये खंडित झाला होता, तेव्हा कंपनीच्या अ‍ॅपसाठी मी बॉनेट उघडून फोटो काढले होते. ते मोबाइलमध्ये सापडले. होजच्या क्लिपा त्याच जागी, त्याच तिरक्या.

आणि त्या फोटोत अण्णांची गाठही होती. बॅटरीच्या मागं गिअरची केबल लोंबायची म्हणून अण्णांनी ती निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधली होती. बैलाचं दावं बांधायची त्यांची ती गाठ, मी लहानपणापासून पाहिलेली. ती केबल सोडल्याशिवाय या गाडीचा गिअरबॉक्स उतरत नाही. मी वाकून पाहिलं. गाठ तशीच, तिच्यावर तीच धूळ. मला तिथंच रडू आलं. मिस्त्रींनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि काही बोलले नाहीत.

त्यांचं काम असं झालं: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, प्लगच्या नळ्यांची रबरं, पीसीव्ही व्हॉल्व्ह, कव्हर काढून सगळं सिलिकॉन खरवडणं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर. मजुरीसकट ३,२८०. प्रत्येक पार्टचं बिल आणि खोकं माझ्या हातात. कव्हरचे नट त्यांनी मधून बाहेर, थोडे थोडे करत आवळले. जास्त आवळले तर कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं, म्हणाले.

तुमच्या गाडीखाली डाग दिसला तर रात्री पुठ्ठा अंथरा, थेंब कुठं पडतात त्याचा फोटो ठेवा, डिपस्टिक दर आठवड्याला बघा. इंजिन न धुता कुणी गिअरबॉक्स उतरवायचं म्हणत असेल तर गाडी घेऊन बाहेर पडा. काम द्यायच्या आधी बॉनेटखालचे आणि मीटरचे फोटो काढा, अंदाजपत्रक लेखी घ्या, मोठं काम असेल तर इंजिन उघडलेलं असताना स्वतः जाऊन बघा. "आज नको" असं दोनदा ऐकलंत तर त्याच दिवशी जा. रोख देऊ नका. माझ्या १४,५०० ची सही-शिक्क्याची पावतीच नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी तक्रार नोंदवली. गॅरेजवाल्याचं उत्तर, "२० हजारांत सर्व्हिसिंग केलं, इंजिनाचं काम कधी सांगितलंच नव्हतं." आता जिल्हा ग्राहक आयोगाकडं अर्ज करते आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं निकृष्ट सेवेविरुद्ध तिथं दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. अर्जासोबत मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद, डायरीचं पान, विम्याचे फोटो, मोठ्या मापाच्या रिंगांचा फोटो आणि मिस्त्रींनी सही करून दिलेला अहवाल जोडला आहे. गाठीचे दोन फोटोही, आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी.