द डिस्पॅच आणि जोना गोल्डबर्गची जी-फाइल: पैसे देऊन वाचावं का?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर दर निवडणुकीला तेच भांडण असतं, फॉक्स बघणारे एका बाजूला, न्यूयॉर्क टाइम्स वाचणारे दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनाही पक्की खात्री की समोरचा ब्रेनवॉश झालाय. मला कोणी विचारलं की उजव्या विचारांचं नीट काहीतरी वाचायचंय, काय वाचू, तर मी द डिस्पॅच या न्यूज साइटचं नाव सांगते. बरेच दिवस सबस्क्रिप्शन आहे म्हणून आता सविस्तर लिहितेय.

थोडक्यात ओळख. स्टीव्ह हेज हा वीकली स्टँडर्डचा संपादक, उजव्या विचारांचं ते साप्ताहिक डिसेंबर २०१८ मध्ये बंद झालं. जोना गोल्डबर्ग नॅशनल रिव्ह्यू या तशाच उजव्या नियतकालिकात वीसेक वर्षं होता. या दोघांनी टोबी स्टॉकला बरोबर घेऊन २०१९ मध्ये डिस्पॅच काढलं. रोज सकाळी बातम्यांचं न्यूजलेटर येतं, शिवाय लेख आणि पॉडकास्ट. मी मुख्यतः घेतलं ते गोल्डबर्गसाठी. त्याची जी-फाइल हा कॉलम तो नॅशनल रिव्ह्यूच्या दिवसांपासून लिहितोय, आणि द रेम्नंट नावाचा पॉडकास्ट आहे, त्यात शनिवारी तो एकटाच बोलतो, पाहुणा नाही, आठवडाभरात जे घडलं त्यावर डोक्यात येईल तसं.

आता हा माणूस विश्वासार्ह का वाटतो ते सांगते. गोल्डबर्ग आणि हेज दोघंही बारा वर्षं फॉक्स न्यूजचे पेड कॉन्ट्रिब्युटर होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये फॉक्सचा तेव्हाचा अँकर टकर कार्लसनने ६ जानेवारीच्या संसदेवरच्या हल्ल्यावर तीन भागांची मालिका केली, त्यात सूर असा की खरे बळी ट्रम्पचे समर्थकच आहेत, आणि या दोघांनी जाहीरपणे सांगून फॉक्स सोडलं. पगार गेला, टीव्हीवरचा चेहरा गेला, आणि स्वतःच्याच वाचकांपैकी कितीतरी जणांच्या शिव्या खाल्ल्या. विरोधकांवर टीका करायला काही लागत नाही हो, ती तर सगळेच करतात, आपल्याच लोकांना जे ऐकायचं नाहीये ते किंमत मोजून सांगणं मला महत्त्वाचं वाटतं.

आणि पुढे डोमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीने फॉक्सवर केलेल्या बदनामीच्या केसमध्ये फॉक्सचे आतले मेसेज बाहेर आले तेव्हा कळलं की हे दोघं काय बघून निघाले असतील. २०२० च्या निवडणुकीनंतर फॉक्सच्याच एका रिपोर्टरने ट्रम्पच्या ट्वीटची शहानिशा केली तर कार्लसनने बाकीच्या अँकर्सना मेसेज केला की हिला काढून टाका, शेअरचा भाव पडतोय. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन ती केस मिटवली. म्हणजे प्रेक्षक दुसऱ्या चॅनलवर जातील या भीतीने चॅनल चालत होतं. गोल्डबर्ग हा मुद्दा सतत मांडतो, की आजच्या मीडियाचा मालक खरं तर प्रेक्षकच झालाय, आणि प्रेक्षकाला खूश ठेवायचं ठरवलं की पत्रकारिता तिथेच संपते.

पण याचा अर्थ तो मोठ्या पेपरांना सोडतो असं अजिबात नाही. त्यांच्या डाव्या कलाबद्दल तो वर्षानुवर्षं लिहितोय, फक्त त्याला त्यात कारस्थान दिसत नाही. त्याचं म्हणणं असं की न्यूजरूममधली माणसं त्याच शहरांतून, त्याच कॉलेजांतून येतात, एकमेकांशीच बोलतात, मग कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला नाही हे न ठरवताच ठरून जातं. हे मला फार पटतं.

त्याचा दुसरा आवडता विषय म्हणजे अमेरिकन संसद. खासदारांनी कायदे करायचं स्वतःचं काम सोडून टीव्हीवर कॉमेंट्री करायला घेतलीय, सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षांकडे आणि कोर्टाकडे ढकललीय, हे तो डेमोक्रॅट अध्यक्ष असतानाही म्हणतो आणि रिपब्लिकन असतानाही. टॅक्स, सरकारी खर्च यांवर माझं त्याच्याशी जमत नाही, इराक युद्धाला त्याने पाठिंबा दिला होता तेही मला कधी पटलं नाही, पण २००६ मध्ये, युद्ध चालू असतानाच, ती चूक होती असं त्याने कॉलममध्ये लिहिलं, उद्देश चांगला होता असंही त्यात म्हटलं, पण लिहिलं. असे किती कॉलमिस्ट आहेत?

रोजचं राजकारण हवं असेल तर निक कॅटोजिओ वाचा. हा हॉट एअर या उजव्या ब्लॉगवर सोळा वर्षं टोपणनावाने लिहायचा, २०२२ मध्ये इकडे आला तेव्हा खरं नाव सांगितलं. सोमवार ते शुक्रवार लिहितो आणि फार निराश करतो, रात्री झोपताना वाचू नका. सारा इस्गरचा अ‍ॅडव्हायझरी ओपिनियन्स हा कोर्टावरचा पॉडकास्ट मात्र आपल्या लोकांनी ऐकायलाच हवा. जानेवारी २०२५ मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर ट्रम्पची ऑर्डर आली तेव्हा एच-वन-बी वर असलेल्या, घरात बाळ येणार असलेल्या किती जोडप्यांची झोप उडाली होती, व्हॉट्सअ‍ॅपवर वाट्टेल ते फिरत होतं, अशा वेळी कायद्यात नक्की काय लिहिलंय आणि कोर्ट काय बघणार हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगणं याला फार किंमत आहे. त्याच वर्षी डिस्पॅचने सुप्रीम कोर्टाच्या बातम्या देणारी स्कॉटसब्लॉग ही साइटही विकत घेतली, त्यामुळे ही बाजू अजून भक्कम झालीय.

तक्रारी आहेतच. जी-फाइल कधीकधी इतकी लांबते की मुद्दा यायच्या आधी तीन आडवळणं, जुन्या सायन्स फिक्शन मालिकांचे संदर्भ, आणि शेवटी त्याच्या कुत्र्यांची खबरबात (ती मी आवडीने वाचते, पण नवऱ्याला वैताग येतो). पॉडकास्टमधल्या जाहिराती कंटाळवाण्या. इतके न्यूजलेटर येतात की इनबॉक्स भरतो, सेटिंगमध्ये जाऊन नको ते बंद करा. आणि सगळ्यात मोठी तक्रार, भारताबद्दल फारच थोडं. युक्रेन, इस्रायल, चीन यांवर भरभरून, आपल्याकडच्या निवडणुकांवर दोन-चार ओळी.

किंमत सुरुवातीला महिन्याला १० डॉलर, वर्षाला १०० डॉलर अशी होती, घेताना आत्ताची बघून घ्या. मला वाटतं लगेच पैसे भरू नका. आधी शनिवारचा रेम्नंट गाडीत ऐका, आवडला तर वर्षाचं घ्या. आणि ज्यांना रोज फक्त ट्रम्पला शिव्या किंवा रोज फक्त ट्रम्पची आरती हवीय त्यांनी घेऊ नका, दोन्हीकडचे लोक पहिल्याच महिन्यात चिडून कॅन्सल करतील.